त्या प्रार्थनेला सगळे आमेन म्हणाले

आजारातून उठलेल्या माणसानं चर्चमध्ये साक्ष द्यावी, अशी आमच्याकडे रीत आहे. उपासनेत सूचना आटोपल्या की पाळकसाहेब नाव पुकारतात. माणूस पुढे येतो, देवानं कसं वाचवलं ते सांगतो आणि बाया पदरानं डोळे पुसतात. माझं नाव पुकारलं त्या रविवारी लोक जेवायला उशीर होणार असं धरूनच आले असतील, कारण मला एकदा बोलायला उभं केलं की मी लवकर खाली बसत नाही हे निपाणीतल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. मी चार वाक्यं बोलले आणि बसले. नंतर एकदोघींनी काळजीनं विचारलं, बाई, अजून बरं वाटत नाही का?

बरं वाटत होतं. पण सगळं तिथं उभं राहून सांगायची छाती झाली नाही, म्हणून इथं लिहिते आहे. असा आजार ज्यांच्या घरात शिरलाय त्यांना औषधपाण्याचं मी काही सांगणार नाही, ते डॉक्टरांचं काम. अंथरुणाला खिळलेलं माणूस जवळच्या माणसाशी किती वाईट वागू शकतं, तेवढंच मला ठाऊक आहे. आणि मी तर देवाधर्मात वाढलेली.

मी, सामू आणि रत्ना

मी मराठी शाळेत मुख्याध्यापिका होते. लग्न केलं नाही. आई लवकर गेली, त्यामुळे धाकटा भाऊ शमुवेल, आमचा सामू, माझ्याच हाताखाली वाढला. तो बेळगावच्या एका कारखान्यात नोकरी करतो, रोज बसनं जाऊन येऊन. त्याची बायको रत्ना जांबोटीकडची. तिकडं पाऊस असा की चार महिने पाय कोरडा होत नाही, आणि बस चुकली तर चालत सुटायचं. घरची भातशेती आणि गुरं. अंगानं काटक, बोलायला कमी, आणि जे बोलेल ते सरळ. तिचं ते सरळ बोलणं मला पहिल्या दिवसापासून खटकायचं. ती न्हाय म्हणाली की मी नाही म्हणून दुरुस्त करायचे. ती पुन्हा न्हायच म्हणायची.

गावात मला लोक टरकून असत आणि मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? पण महिला मंडळात लीनता आणि सौम्यता हा विषय निघाला की बोलायला मीच. प्रभूनं कमरेला रुमाल बांधला, भांड्यात पाणी घेतलं आणि शिष्यांचे पाय धुतले, हा प्रसंग मी असा रंगवायचे की म्हाताऱ्या बाया हुंदके द्यायच्या. मग घरी यायचे आणि चहा कोमट का म्हणून रत्नावर डाफरायचे. या दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध आहे असं मला कधी वाटलंच नाही.

आणखी एक सांगायला हवं. आमच्या लोकांत एखाद्याला तोंडावर बोलायचं धाडस नसेल, किंवा तोंडावर बोलणं बरं दिसत नसेल, तर त्याला प्रार्थनेत बोलतात. घरसभेत सगळे डोळे मिटून बसलेले असतात. तेव्हा एखादी म्हणते, प्रभू, आमच्यातल्या काहीजणी उशिरा येतात, त्यांना वेळेची किंमत कळू दे. उशिरा आलेली बाई मान खाली घालून आमेन म्हणते. करणार काय? प्रार्थनेला उलट उत्तर देता येत नाही. या कलेत माझा हात धरणारं कुणी नव्हतं.

चप्पल

आधी नुसता ताप आणि जुलाब झाले. ते थांबले, मी विसरूनही गेले. मग पायाच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. मला वाटलं, नवी चप्पल चावत असेल.

एक दिवस बाजारातून भाजी घेऊन येत होते. मागून रत्ना धावत आली. तिच्या हातात माझी डाव्या पायातली चप्पल होती. आक्का, चप्पल मागं राहिली की, म्हणाली. मी खाली बघितलं तर डावा पाय अनवाणी, रस्त्यावरच्या खडीवर. मला काही म्हणजे काही कळलं नव्हतं. आणि तोंडातून काय निघालं, तर भर बाजारात माझी चप्पल हातात धरून पळतेस, लाज नाही वाटत? तिनं खाली वाकून चप्पल माझ्या पायात सरकवली आणि पिशवी घेऊन पुढे चालायला लागली.

गावातल्या डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून सुई दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी न्हाणीघरात बसले ती उठूच शकले नाही. पाय होते, पण माझे नव्हते. कडीपर्यंत हात पोचेना. मी हाका मारल्या. रत्नानं खांदा लावून दार उघडलं, मला तशाच अवस्थेत पाठीवर घेतलं आणि बाहेर आणलं. माझ्या अंगावर धड कपडा नव्हता. सामू समोर उभा होता, त्यानं तोंड फिरवलं. ज्याला मी न्हाऊमाखू घातलं होतं त्या भावासमोर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बेळगावला नेईपर्यंत हातही जड झाले होते. मोठ्या दवाखान्यातला तरुण डॉक्टर मला आजी म्हणाला. मी त्या अवस्थेतही त्याला दुरुस्त केलं, बाई म्हणा. तो हसला, बरं बाई, आता पाय उचला, म्हणाला. मी उचलला असं मला वाटलं. पाय जागचा हलला नव्हता.

पाठीतून पाणी काढून तपासलं, विजेचे झटके देऊन नसा बघितल्या. संध्याकाळी डॉक्टर येऊन बसला. जुलाब झाले तेव्हा शरीरानं लढायला जी फौज उभी केली ती आता तुमच्याच नसांवर उलटलीय, असं त्यानं सांगितलं. बहुतेक लोक यातून उठतात, पण अजून वर चढेल. छातीपर्यंत गेलं तर श्वासाला यंत्र लावावं लागेल. मी विचारलं, चालायला कधी लागेन? त्यानं खरं उत्तर दिलं. सांगता येत नाही.

न मिटणारे डोळे

अतिदक्षता विभागात नर्स थोड्या थोड्या वेळानं येऊन सांगायची, एका दमात आकडे म्हणा. मी पहिलीतल्या पोरासारखी एक दोन तीन म्हणायचे. दम कुठं संपतो ते ती बघायची. सकाळी जिथवर पोचले होते तिथवर दुपारी पोचले नाही. तेव्हा मला मरणाची खरी भीती वाटली. कितीतरी अंत्यविधींना मी धीराची भाषणं केली होती, त्यातलं एक वाक्य आठवेना. फक्त पुढचा आकडा आठवायचा.

यंत्र लावायची वेळ आली नाही. ती पहिली कृपा. पण आजारानं जाता जाता चेहरा धरला. ओठ मिटेनात, त्यामुळं शब्द पसरट निघायचे, पाणी पिताना गळायचं. आणि डोळे मिटेनात. पापण्या उघड्या त्या उघड्याच. वॉर्डात हलवल्यावर ते काम रत्नाकडं आलं. डोळे कोरडे पडू द्यायचे नाहीत, सारखं औषध घालायचं. झोपायच्या वेळी ती मलम लावायची, बोटानं पापणी हळूच खाली ओढायची आणि वरून चिकटपट्टी लावायची. गुरांमागं दोरखंड ओढून राठ झालेली बोटं ती. पापणीवर कशी टेकली ते कळायचं नाही.

तिनं काय केलं नाही माझं? माहेरहून आलेल्या तांदळाची पेज करून चमच्यानं भरवायची, गळलेली पुसायची. शौचाचं भांडं द्यायची, धुवायची. कुशीवर वळवायची. आणि रोज सकाळी कोमट पाण्यानं माझे पाय धुवायची, बोटांच्या फटी कोरड्या करायची. मी वरून बघत असायचे. पायांना स्पर्श कळत नव्हता. पण डोक्याला कळायला काय हरकत होती? इतकी वर्षं जो प्रसंग मी रडवून रडवून सांगितला तो माझ्या खाटेच्या पायथ्याशी रोज घडत होता, आणि मी म्हणत होते, पाणी गार आहे, टॉवेल ओला आहे, जरा नीट पूस.

आजारानं माणूस नम्र होतं असं म्हणतात. माझं उलट झालं. हातपाय गेले तसा सगळा जोर जिभेत आला. नर्सला बोलायचे, सफाईच्या बाईला बोलायचे, आणि सगळ्यात जास्त रत्नाला, कारण तीच चोवीस तास हाताशी. ती खाली जमिनीवर चटई टाकून झोपायची. तिची कंबर धरलीय हे मला दिसत होतं, नाही असं नाही.

ती प्रार्थना

एका रविवारी निपाणीहून महिला मंडळाच्या बाया उपासनेनंतर गाडी करून मला भेटायला येणार होत्या. सामूलाही सुट्टी होती, तो तिथंच होता. मी हट्ट धरला की मला दवाखान्याच्या झग्यात कुणी बघता कामा नये, साडी नेसव. रत्नानं आधी समजावलं. मी ऐकेना. मी तिला आळशी म्हणाले, तुझ्या आईनं तुला हेच शिकवलं का, असंही म्हणाले. नर्स तिथंच होती.

रत्ना शांतपणे म्हणाली, "आक्का, आता जरा गप पडा. साडी नेसवायला दोन माणसं लागत्यात, आन् माझी कंबर मोडून आलीया."

बास. एवढंच. तिनं आवाजही चढवला नव्हता. पण नर्ससमोर मला गप पडा म्हणाली, यानं माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

तेवढ्यात बाया आल्या. फळं ठेवली, रडल्या. कुणीतरी म्हणालं, बाई, तुम्हीच प्रार्थना करा, तुमच्या प्रार्थनेनं आम्हालाच बळ येतं. सगळ्यांनी माना खाली घातल्या, डोळे मिटले. मी सुरुवात केली. शब्द पसरट निघत होते, म्हणून मुद्दाम सावकाश बोलले, प्रत्येकीला कळेल असं.

"हे कृपाळू पित्या, या दुखण्यात तू मला धीर दिलास म्हणून तुझे उपकार मानते. आमच्या रत्नासाठी विनंती करते. तिला लीन आणि सौम्य मन दे. तिच्या जिभेला आवर घाल. दुबळ्यांची सेवा कुरकुर न करता करायला तिला शिकव. तिच्या मनातला ताठा काढून टाक, प्रभू."

सगळे आमेन म्हणाले.

पण मी डोळे मिटू शकत नव्हते. खोलीभर खाली घातलेली डोकी, आणि त्यांच्यापलीकडं न्हाणीच्या दारात रत्ना उभी. हातात माझं भांडं, नुकतं धुऊन आणलेलं, त्यातून पाणी ठिबकत होतं. तिनंही डोळे मिटले नव्हते. ती माझ्याकडे बघत होती. त्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं, मी तिच्याशी भांडले असते. ती फक्त बघत होती, मी अजून किती बोलतेय ते. आणि मला मान वळवता येत नव्हती, डोळे झाकता येत नव्हते. तरीही मी प्रार्थना अर्ध्यात थांबवली नाही. शेवटपर्यंत नेली.

तिनं भांडं खाटेखाली सरकवलं आणि सगळ्यांना चहा आणायला गेली.

घरी

त्यानंतर रत्नानं एकही काम चुकवलं नाही. औषध, पेज, पाय, डोळे, सगळं वेळच्या वेळी. फक्त बोलणं गेलं. वळा. तोंड उघडा. झालं. आधी काम करताना ती आपल्याशीच काहीतरी गुणगुणायची, तेही थांबलं. मला वाटलं, बरं झालं, प्रार्थनेचा गुण आला. देवाशप्पथ मला तसंच वाटलं.

घरी आणलं तेव्हा मी चाकाच्या खुर्चीत होते. मागच्या वखारीतून तंबाखूचा ओळखीचा वास आला आणि मला रडू फुटलं. हळूहळू बोटं हलायला लागली, मग वॉकरच्या चौकटीचा आधार घेऊन उभं राहता येऊ लागलं. उजवा डोळा मिटायला लागला. डावा अर्धा.

जे चर्चला येऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी पाळकसाहेब घरी प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षरस, आणतात. ते आले, टेबलावर पांढरा रुमाल पसरला, भाकर आणि प्याला ठेवला. सामू बसला. पाळकसाहेबांनी रत्नाला हाक मारली. ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मला नको, साहेब. माझं मन साफ न्हाय."

आमच्याकडे मनात कुणाविषयी अढी असेल तर त्या मेजाला, म्हणजे प्रभुभोजनाला, हात लावत नाहीत. लहानपणापासून शिकवलेलं असतं, आधी समेट, मग मेज. पण प्रत्यक्षात असं कोण मागे राहतं? लोक काय म्हणतील म्हणून सगळेच घेतात. पाळकसाहेबांनी तिला आग्रह केला नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खुशाल हात पुढे केला, भाकरीचा तुकडा घेतला आणि खाल्ला. गिळायला आता त्रास होत नव्हता. मनात काय आलं असेल? की बघा, किती मनात धरून बसलीय ही.

सामूनं सांगितलं

काही दिवसांनी, सुट्टीच्या दुपारी, सामू माझ्या हातात रबरी चेंडू देऊन मला तो दाबायला लावत होता. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम. तो मान खाली घालून म्हणाला, आक्का, तू चालायला लागलीस की आम्ही बेळगावला राहायला जायचं म्हणतोय. खोली बघितलीय.

माझा तोल गेला. मी काय काय बोलले ते लिहीत नाही. आईविना वाढवलं, त्याचं हे फळ, वगैरे. तिनंच तुझे कान भरले, असंही म्हणाले.

सामू कधी माझ्यापुढं बोललेला नव्हता. त्यानं चेंडू माझ्या हातातून काढून घेतला.

"तिनं काय न्हाय सांगितलं, आक्का. खोली मी बघितली. त्या दिवशी दवाखान्यात तू प्रार्थना केलीस, तवा मीबी आमेन म्हटलं. डोळं मिटून म्हटलं. मला ठावं होतं तू काय करतीयास, तरीबी म्हटलं. तवापासनं ती माझ्याशी धड बोलत न्हाय, आन् मला तिच्या तोंडाकडं बघवत न्हाय."

तो उठून बाहेर गेला. मी खिडकीशी बसून राहिले. आजवर ज्याला धाकात ठेवण्याचा मला अभिमान होता त्या माझ्या भावानं माझ्या भीतीनं आपल्या बायकोच्या अपमानावर आमेन म्हटलं होतं. मीच त्याला असं वाढवलं होतं. आणि ज्या मेजापासून मी लांब राहायला हवं होतं त्याच्यापासून ती लांब राहिली होती. त्या तुकड्याची चव तोंडात पुन्हा आली. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती, न्हाणीघरातही नाही.

मला आता दोन गोष्टींची भीती होती. ही पोर माझ्याशी तशीच मुकी राहून घरातून निघून जाईल. आणि त्याहून मोठी, की मला तिची माफी मागताच येणार नाही, कारण आयुष्यात मी ती कुणाची मागितली नव्हती.

तरी मी काय केलं असेल? जी वाट मला येत होती तीच धरली. संध्याकाळच्या घरच्या प्रार्थनेला आम्ही तिघं बसलो. आता मला डोळे मिटता येत होते, डावा अर्धा का होईना. मी मिटले आणि गहिवरल्या आवाजात म्हणाले, "प्रभू, माझ्याकडून रत्नाचं मन दुखावलं गेलं असेल तर मला क्षमा कर."

आमेन कुणी म्हणालं नाही.

"आक्का," रत्ना म्हणाली, "डोळं उघडा."

मी उघडले. ती समोर बसली होती, मांडीवर हात ठेवून.

"देवाला मागनं सांगा. आधी माझ्याकडं बघून बोला. आन् असेल तर म्हणू नगासा. तुमी बघत हुतासा, मीबी बघत हुते."

मी तोंड उघडलं. ओठ आता नीट मिटत होते, जीभ वळत होती, सगळं जागेवर आलं होतं. शब्द आला नाही. ती वाट बघत बसली. मग कुकरची शिट्टी झाली आणि ती उठून आत गेली. सामू माझ्याकडे न बघता चपला घालून बाहेर पडला.

पुढचे कित्येक दिवस मी चुकले हे दोन शब्द मी एकटीनं म्हणून बघितले. हात उचलण्याचा सराव करतात तसा. तिच्यासमोर गेले की दुसरंच काहीतरी बोलून मोकळी व्हायचे. तेव्हा मला एक गोष्ट उमगली. तिला मी चारचौघींत बोलले होते. स्वयंपाकघरात हळूच पुटपुटून ते फिटणार नव्हतं. मी पाळकसाहेबांना निरोप पाठवला, प्रभुभोजनाच्या रविवारी मला साक्षीला बोलवा.

साक्ष

चौकट घेऊन मी पुढे गेले. महिला मंडळाच्या बाया पहिल्या दोन बाकांवर होत्या. रत्ना मागे, खांबाशी. मी तिला शोधलं आणि तिच्याकडेच बघत बोलले.

"मी दवाखान्यात होते तेव्हा माझी भावजय रत्ना हिनं माझं सगळं केलं. तिच्यासाठी मी एक प्रार्थना केली होती, तुमच्यातल्या काहीजणी तिला आमेन म्हणालात. ती प्रार्थना नव्हती, मी तिचा केलेला अपमान होता. रत्ना, मी चुकले, मला माफ कर."

कुणी डोळे पुसले नाहीत. पहिल्या बाकावरच्या बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. पाळकसाहेबांनी घसा साफ केला आणि गीत सांगितलं. मी जाऊन कडेच्या बाकावर बसले.

मग मेजाकडे लोक रांगेनं जायला लागले. मी उठले नाही. ती उठणार नसेल तर मीही उठायचं नाही, एवढं घरूनच ठरवून आले होते. पुढच्या रांगा गेल्या, मधल्या गेल्या. लोक जाता जाता माझ्याकडे बघत होते. सगळ्यांच्या आधी जाणारी मी आज बसून होते. मी मान खाली घातली.

कोपराला कुणीतरी धरलं. बोटं ओळखीची होती.

"चला की," रत्ना म्हणाली.

मला धरून ती पुढे घेऊन गेली. पाळकसाहेब माझ्यासमोर आले, मी हात पुढे केला. मग ते तिच्यासमोर क्षणभर थांबले. तिनं माझं कोपर सोडलं, पदरानं हात पुसला आणि तळवा पुढे केला.

आम्ही रिक्षानं घरी आलो. घराशी उतरताना रत्ना म्हणाली, तुम्ही तिथं उभ्या राहिलात तसा माझ्या पोटात गोळा आला, म्हटलं आता परत कसली प्रार्थना करताय. सामूला हसू आलं. मलाही हसावंसं वाटलं, पण वाटलं तेवढंच. ती हे थट्टेनं बोलली नव्हती. मी उभी राहिले की त्या पोरीच्या पोटात गोळा येतो, हे मी कमावलेलं आहे. ते एका रविवारात जायचं नाही.

बेळगावची खोली त्यांनी घेतली. पावसाळ्याच्या तोंडाला जातील. मी राहा म्हटलं नाही. सारखं तोंडावर येतं, पण म्हटलं नाही.

तुमच्या घरी असा आजार आला तर एवढंच सांगते. तुमचं करणाऱ्या माणसाकडे बघून बोला. देवाशी बोलायला पुष्कळ वेळ मिळतो.

डावा डोळा अजून पुरता मिटत नाही. औषध आता माझं मला घालता येतं, हात सुधारलाय. तरी झोपायच्या आधी रत्ना येते, बाटली माझ्या हातातून घेते, माझी हनुवटी वर करते आणि थेंब सोडते. काल आत येता येता ती काहीतरी गुणगुणत होती. मी लक्ष गेल्याचं दाखवलं नाही. मग तिनं माझ्या पापणीवर बोट टेकलं.

"मिटा आता," ती म्हणाली.